ॲनिंग, मेरी

(२१ मे १७९९–९ मार्च १८४७). इंग्लंडमधील आद्य स्त्री जीवाश्म-संग्राहक. डॉर्सेट परगण्याच्या किनाऱ्यावरील कड्यांतून त्यांनी जुरासिक कल्पातील (सु. २०·१ ते १४·५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील) सागरी सरीसृप (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील प्राणी), मासे व इतर प्राणी यांचे जीवाश्म (शिळारूप झालेले अवशेष) शोधून काढले. शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेणारा इक्थिओसॉराचा पहिला सांगाडा, प्लेसिओसॉरसाचा पहिला जवळजवळ संपूर्ण सांगाडा आणि जर्मनीबाहेर आढळलेला टेरोसॉराचा पहिला सांगाडा हे त्यांच्या नावाशी निगडित असलेले प्रमुख शोध होत. पृथ्वीवर पूर्वी आजच्याहून सर्वस्वी भिन्न असे प्राणी नांदत होते व ते समूळ नष्ट झाले, ही कल्पना रूढ होण्यास या शोधांनी मोठा हातभार लावला. त्यांचे औपचारिक शिक्षण नाममात्रच झाले होते. तथापि स्वतःच्या व्यासंगाने त्यांनी जीवाश्मांच्या शारीराचे (शरीररचनेचे) सखोल ज्ञान संपादन केले. त्यांच्या हयातीत या ज्ञानाचा लाभ अनेकांनी घेतला. मात्र त्याचे श्रेय त्यांना पुरतेपणी मिळाले नाही.

पार्श्वभूमी : खडकांत आढळणाऱ्या शंखशिंपल्यांसारख्या आकृती म्हणजे सजीवांचे अवशेषच होत, हे मत यूरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ होऊ लागले. ‘जिव्हाश्म’ म्हणून ओळखले जाणारे त्रिकोणी दगड हे वस्तुतः शार्क माशांचे दात आहेत, असे नील्स स्टेन्सन (स्टेनो) यांनी १६६७ मध्ये दाखवून दिले. यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता. ज्या प्राण्यांचे अवशेष सापडतात ते प्राणी आज कोठे आहेत? ईश्वराने निर्मिलेली एखादी जाती समूळ नष्ट होऊ शकते, हे मान्य करणे पुष्कळांना जड जात होते. असे प्राणी पृथ्वीच्या एखाद्या अज्ञात भागात किंवा खोल समुद्रात अद्याप जिवंत असतील, असे समाधान त्यावर सुचविले जाई. फ्रेंच शारीरविज्ञ झॉर्झ क्यूव्ह्ये यांनी १७९६ मध्ये मॅमथ व विद्यमान हत्ती यांच्या हाडांची तुलना करून मॅमथ ही निराळी व नष्ट झालेली जाती आहे, असे प्रतिपादन केले. इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ यांनी प्रत्येक स्तरातील जीवाश्मांचा संच वैशिष्ट्यपूर्ण असतो व त्यावरून स्तर ओळखता येतात, हे दाखवून १८१५ मध्ये इंग्लंड व वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना १८०७ मध्ये झाली होती. या शास्त्राला पुराजीवविज्ञान या अर्थाचे नाव फ्रान्समध्ये १८२२ मध्ये प्रथम मुद्रित झाले. म्हणजे मेरी ॲनिंग यांनी कामास प्रारंभ केला, तेव्हा त्या विषयाला नावही नव्हते. [⟶ जीवाश्म, पुराजीवविज्ञान].

लाइम रीजिसचा किनारा : हे लहान बंदर इंग्लिश खाडीवर वसलेले आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे कडे मुख्यतः ब्लू लायस या शैलसमूहाचे व त्याच्यावरील पंकाश्मांचे बनलेले आहेत. ब्लू लायसमध्ये निळसर करड्या चुनखडकाचे व शेलाचे पातळ थर एकाआड एक असतात. पूर्व जुरासिक काळात, सु. २० ते १९·५ कोटी वर्षांपूर्वी, येथे उबदार व उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी ऑक्सिजनाचा पुरवठा वारंवार खुंटत असे. त्यामुळे तळाशी गेलेली प्रेते कुजून वा इतर प्राण्यांकडून खाल्ली जाऊन विखुरण्यापूर्वीच बारीक चिखलाखाली गाडली जात. सांगाडे अखंड राहण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. येथील खडक ठिसूळ असून हिवाळ्यातील पाऊस व वादळी लाटा यांमुळे कडे वारंवार ढासळतात. कडा ढासळला की नवा भाग उघडा पडतो. परंतु उघडे पडलेले जीवाश्म भरतीच्या लाटा लवकरच फोडून वाहून नेतात. म्हणून येथे जीवाश्म शोधण्याचा हंगाम हिवाळ्याचा, म्हणजे सर्वांत धोक्याचा असतो. कडा केव्हा ढासळेल याचा नेम नसतो आणि भरतीच्या वेळी परतीची वाट बंद होते.

किनाऱ्यावर सापडणारे चक्राकार अमोनाइट व बाणाच्या टोकासारखे बेलेम्नाइट हे जीवाश्म स्थानिक लोकांच्या परिचयाचे होते. अमोनाइटांना ‘सर्पाश्म’, तर बेलेम्नाइटांना ‘सैतानाची बोटे’ म्हणत. (भारतात पूजेत असणारे गंडकी नदीतील शाळिग्राम हेही अमोनाइटांचे जीवाश्म असलेले गोटे होत.) फ्रान्सशी चाललेल्या युद्धांमुळे यूरोपचा प्रवास अवघड झाल्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस सुखवस्तू इंग्रज लोक आपल्याच देशातील किनाऱ्यांवर समुद्रस्नानासाठी जाऊ लागले. त्यांना अशा चमत्कारिक वस्तू विकण्याचा छोटा व्यवसाय लाइम येथे सुरू झाला होता.

कुटुंब व बालपण : मेरी यांचा जन्म लाइम रीजिस येथे झाला. वडील रिचर्ड हे लाकडी कपाटे वगैरे बनविणारे सुतार होते. मिळकतीस जोड म्हणून ते जीवाश्म गोळा करून आपल्या दुकानापुढे विक्रीस मांडीत. हे कुटुंब प्रस्थापित अँग्लिकन चर्चहून भिन्न अशा पंथाचे होते. अशा पंथीयांना त्या काळी विद्यापीठे, सैन्य व अनेक सरकारी पदे यांची दारे बंद होती. रिचर्ड व मेरी (मॉली) या दांपत्याच्या सु. दहा मुलांपैकी जोसेफ व मेरी ही दोनच मोठेपणापर्यंत जगली. मेरी हे नाव त्यांच्या जन्मापूर्वी काही महिने भाजून मृत्यू पावलेल्या बहिणीचे होय. मेरी सव्वा वर्षाच्या असताना, १९ ऑगस्ट १८०० रोजी, एल्म वृक्षाखाली थांबलेल्या स्त्रियांच्या घोळक्यावर वीज पडली. मेरींना कडेवर घेतलेली स्त्री व आणखी दोघी मरण पावल्या. मेरी मात्र वाचल्या. त्यांच्या पुढील बुद्धिमत्तेचा संबंध गावकरी या घटनेशी जोडत असत.

लिहिणे-वाचणे त्या आपल्या पंथाच्या रविवारच्या शाळेत शिकल्या. जोसेफ यांच्याजवळ त्या पंथाच्या धार्मिक नियतकालिकाचा एक बांधीव खंड होता व तो मेरींना फार प्रिय होता. ईश्वराने सहा दिवसांत जग निर्माण केले असे सांगणारा निबंध आणि भूविज्ञान या नव्या शास्त्राचा अभ्यास करण्याचा आग्रह धरणारा निबंध असे दोन्ही, त्यांच्या धर्मगुरूंनी लिहिलेले, त्यात होते. त्या काळातील वैचारिक ओढाताण या एका खंडातही दिसून येते.

रिचर्ड एकदा कड्यावरून पडून जखमी झाले होते. त्यातच क्षय जडून १८१० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मागे १२० पौंडांचे कर्ज होते. कुटुंबाला काही वर्षे पॅरिशकडून गरिबांना मिळणाऱ्या मदतीवर राहावे लागले. जोसेफ गाद्या-गिरद्या व आसने मढविण्याच्या कामात उमेदवारी करू लागले व जीवाश्म-विक्रीचा व्यवहार आई पाहू लागली. वडिलांकडून शिकलेले जीवाश्म शोधण्याचे कसब हेच आता या घराचे भांडवल होते.

इक्थिओसॉर : १८११ मध्ये जोसेफ यांना किनाऱ्यावर सु. १·२ मी. लांबीची एक कवटी आढळली. पुढील वर्षी मेरी यांनी त्याच प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला व मजुरांकरवी तो खणून काढण्यात आला. जवळच्या जहागिरीचे मालक हेन्री होस्ट हेन्ली यांनी तो २३ पौंडांना घेतला. नंतर तो विल्यम बुलक यांच्या लंडनमधील संग्रहालयात मांडण्यात आला. १८१९ मध्ये झालेल्या लिलावात ब्रिटिश म्यूझीयमने तो ४५ पौंड ५ शिलिंगांना विकत घेतला. त्या वेळी त्याचे वर्णन शिळारूप मगर असे केलेले होते. कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझीयममध्ये जतन केलेली असून ती टेम्नोडोंटोसॉरस या वंशातील मानली जाते.

या नमुन्याचे पहिले शास्त्रीय वर्णन शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी १८१४ मध्ये प्रसिद्ध केले. हा प्राणी कोठे बसवावा याबद्दल ते संभ्रमात होते. प्रथम त्यांना त्यात माशांशी साम्य आढळले. अखेर १८१९ मध्ये त्यांनी तो सॅलॅमँडर व सरडे यांच्या दरम्यानचा ठरवून त्याला निराळे नाव दिले. ब्रिटिश म्यूझीयममधील चार्ल्स केनिग यांनी १८१७ मध्येच इक्थिओसॉरस (मत्स्य-सरडा) हे नाव सुचविले होते व तेच पुढे टिकले. हेन्री डी ला बीच व विल्यम कॉनिबेर यांनी १८२१ मध्ये अधिक नमुन्यांच्या आधारे इक्थिओसॉर हे सागरी सरीसृप असल्याचे स्पष्ट केले. माशासारखे शरीर, वल्ह्यांसारखे पाय, लांब जबडे व मोठे डोळे असलेला, पण फुप्फुसांनी श्वसन करणारा हा प्राणी कोणत्याही विद्यमान सरीसृपासारखा नव्हता. इक्थिओसॉरांची सुटी हाडे पूर्वीही इंग्लंडात सापडली होती. परंतु त्यांची खरी ओळख पटलेली नव्हती. ॲनिंग भावंडांच्या शोधाने हा प्रश्न प्रथमच लंडनच्या विद्वत्समाजापुढे आला.

तरीही कुटुंबाचे दारिद्र्य हटले नाही. १८२० मध्ये घरातील सामान विकण्याची पाळी आली असता त्यांचे एक ग्राहक लेफ्टनंट कर्नल टॉमस बर्च यांनी ॲनिंग कुटुंबाच्या मदतीसाठी स्वतःच्या जीवाश्म-संग्रहाचा लंडनमध्ये लिलाव केला. त्यात ४०० पौंड जमले. पॅरिस व व्हिएन्ना येथूनही ग्राहक आल्यामुळे ॲनिंग हे नाव यूरोपातील संग्राहकांना परिचित झाले. सु. १८२५ पर्यंत जोसेफ आपल्या व्यवसायात रमले व शोधकार्याची सर्व धुरा मेरी यांच्याकडे आली.

प्लेसिओसॉरस : कॉनिबेर व डी ला बीच यांनी १८२१ मध्ये काही अपुऱ्या अवशेषांवरून इक्थिओसॉरसाहून निराळा असा दुसरा सागरी सरीसृप ओळखला होता व त्याला प्लेसिओसॉरस (सरड्याच्या अधिक जवळचा) हे नाव दिले होते. १० डिसेंबर १८२३ रोजी मेरी यांना या प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. लहान डोके, अतिशय लांब मान, रुंद धड, चार वल्हेवजा पाय व आखूड शेपूट अशी त्याची विलक्षण ठेवण होती. मानेतच सु. ३५ मणके होते. ज्ञात सरीसृपांच्या मानेतील मणक्यांची संख्या याच्या तुलनेने फारच थोडी असल्याने क्यूव्ह्ये यांनी आकृती पाहून शंका घेतली. दोन निरनिराळ्या प्राण्यांची हाडे एकत्र जोडलेली असावीत, असा त्यांचा तर्क होता. जीवाश्मांच्या बाजारात अशी लबाडी अपरिचित नव्हती. क्यूव्ह्ये यांचा अधिकार एवढा मोठा होता, की त्यांचा आक्षेप टिकला असता तर मेरी यांची विश्वासार्हता व तिच्यावर अवलंबून असणारी उपजीविका ही दोन्ही संपुष्टात आली असती. नमुन्याच्या काळजीपूर्वक परीक्षणानंतर तो अस्सल असल्याचे सिद्ध झाले व क्यूव्ह्ये यांनी आपली शंका मागे घेतली.

कॉनिबेर यांनी २० फेब्रुवारी १८२४ रोजी जिऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत या सांगाड्याचे वर्णन सादर केले. याच सभेत विल्यम बकलंड यांनी मेगॅलोसॉरस या प्राण्याची माहिती दिली. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर होय. प्राचीन सरीसृपांच्या इतिहासात ही सभा संस्मरणीय ठरली. कॉनिबेर यांच्या वर्णनात मात्र सांगाडा शोधणाऱ्या व मोकळा करणाऱ्या व्यक्तीचे नाव नव्हते. हा नमुना प्लेसिओसॉरस डोलिकोडायरस या जातीचा प्रमाण-नमुना असून तोही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझीयममध्ये आहे. १८३० च्या डिसेंबरात मेरी यांना मोठ्या डोक्याच्या आणखी एका प्लेसिओसॉराचा सांगाडा मिळाला व तो २०० गिनींना विकला गेला.

टेरोसॉर व मासे : १८२८ च्या डिसेंबरात मेरी यांना एका उडणाऱ्या सरीसृपाचा (टेरोसॉराचा) कवटी नसलेला अपुरा सांगाडा मिळाला. असे अवशेष तोपर्यंत जर्मनीतच माहीत होते. बकलंड यांनी १८२९ मध्ये त्याचे वर्णन करताना शोधाचे श्रेय मेरी यांना दिले. रिचर्ड ओएन यांनी १८५९ मध्ये या प्राण्यासाठी डायमॉर्फोडॉन हा नवा वंश स्थापन केला. १८२९ च्या डिसेंबरात त्यांना स्क्वॅलोराजा हा मासा सापडला. त्यात शार्क व पाकट या दोन्ही गटांची लक्षणे एकत्र दिसत असल्याने त्याने शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष वेधून घेतले. (इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर व टेरोसॉर यांची गणना पुष्कळदा डायनोसॉरांत केली जाते, परंतु ती बरोबर नाही. हे सरीसृपांचे निराळे गट आहेत. डायनोसॉरिया ही संज्ञा ओएन यांनी १८४२ मध्ये प्रचारात आणली.)

विष्ठाश्म व बेलेम्नाइट : मेरी यांच्या कार्याचे स्वरूप केवळ संग्रहाचे नव्हते, हे पुढील दोन उदाहरणांवरून दिसून येते. लायसमध्ये काही लांबट गोटे सापडत व त्यांना प्राण्यांच्या जठरात होणाऱ्या खड्यांचे नाव दिलेले होते. हे गोटे इक्थिओसॉरांच्या सांगाड्यात पोटाच्या जागी आढळतात आणि ते फोडल्यावर आत माशांची हाडे व खवले, क्वचित लहान इक्थिओसॉरांची हाडे दिसतात, असे मेरी यांच्या ध्यानात आले. या निरीक्षणांवरून बकलंड यांनी १८२९ मध्ये हे गोटे म्हणजे शिळारूप विष्ठा होय, असा निष्कर्ष मांडला व त्यांना कॉप्रोलाइट (विष्ठाश्म) ही संज्ञा दिली. नष्ट प्राण्यांची केवळ रचनाच नव्हे, तर त्यांचा आहार व परस्परसंबंधही जाणण्याचे एक साधन यामुळे हाती आले. या साधनाचे महत्त्व अद्यापही कमी झालेले नाही. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याजवळ पिसदुरा येथे लॅमेटा शैलसमूहात विष्ठाश्म विपुल आढळतात. त्यांत गवतांच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्यामुळे डायनोसॉरांच्या काळातच गवतांचे विविध प्रकार उत्पन्न झाले होते, हे सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण बेलेम्नाइटांचे आहे. १८२६ च्या सुमारास मेरी यांना काही बेलेम्नाइट जीवाश्मांत एक लहान कप्पा व त्यात वाळलेल्या शाईसारखा पदार्थ आढळला. विद्यमान माखलीसारख्या शीर्षपाद प्राण्यांतील शाईच्या पिशवीशी त्यांनी त्याची तुलना केली. त्यांची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट यांनी तो पदार्थ पाण्यात कालवून शाई तयार केली व तिने जीवाश्मांची चित्रे काढली. सु. २० कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या शाईने त्याच काळातील इक्थिओसॉराची कवटी रेखाटण्याचा हा प्रकार पुढे लाइममधील इतर चित्रकारांनीही उचलला.

कार्यपद्धती व व्यासंग : ओहोटीच्या वेळी हातोडी व टोपली घेऊन त्या कड्यांच्या पायथ्याशी फिरत. एखाद्या हाडाचे टोक दिसले, तर खडकातील त्याची दिशा अजमावून भोवतालचा थर मोकळा करावा लागे. मोठा सांगाडा काढताना भरती-ओहोटीची वेळ सांभाळून मजुरांकडून काम करून घ्यावे लागे. नंतर आठवडेच्या आठवडे खपून हाडांवरील कठीण खडक छिन्नीने दूर केला जाई. १८२४ मध्ये त्यांना भेटलेल्या एका उमराव स्त्रीने आपल्या दैनंदिनीत नोंदविले आहे, की सांगाड्याचा कोणताही भाग दिसताच तो कोणत्या प्राण्याचा हे मेरी तत्काळ सांगतात. हाडे चौकटीत पक्की बसवून त्या त्यांच्या आकृती काढतात व विद्यापीठांतील प्राध्यापकांशी त्या विषयावर बरोबरीने चर्चा करतात.

विकत घेणे परवडत नसल्याने त्या शास्त्रीय निबंध उसने आणून आकृत्यांसह हाताने उतरवून घेत. जीवाश्मांचा अर्थ लावता यावा म्हणून त्यांनी विद्यमान मासे व माखली यांचे विच्छेदन करून पाहिले. १८२६ मध्ये त्यांनी काचेची दर्शनी खिडकी असलेले घर घेऊन तेथे जीवाश्मांचे दुकान थाटले. बकलंड, कॉनिबेर, डी ला बीच, मर्चिसन, गिडिअन मँटेल, ओएन व ल्वी आगास्सी असे त्या काळचे नामवंत शास्त्रज्ञ लाइमला येऊन त्यांना भेटले. त्यांच्यापैकी काहींनी त्यांच्यासह कड्यांवर शोधही घेतला. रॉडरिक मर्चिसन यांच्या पत्नी शार्लट यांनी लाइम येथे काही आठवडे राहून त्यांच्याकडून जीवाश्म शोधण्याचे शिक्षण घेतले. १८२९ मध्ये मर्चिसन कुटुंबाच्या पाहुण्या म्हणून मेरी लंडनला गेल्या होत्या. सॅक्सनीचे राजे फ्रेडरिक ऑगस्टस दुसरे यांनी १८४४ मध्ये त्यांच्या दुकानाला भेट देऊन इक्थिओसॉराचा एक सांगाडा खरेदी केला.

हे काम जोखमीचे होते. १८३३ च्या ऑक्टोबरात कडा कोसळून त्यांच्याबरोबर नेहमी असणारा ट्रे हा कुत्रा त्यांच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. त्या स्वतः थोडक्यात बचावल्या.

विद्वत्समाजातील स्थान : जिऑलॉजिकल सोसायटीचे सदस्यत्व स्त्रियांना खुले नव्हते; ते १९१९ मध्ये खुले झाले. सभांना उपस्थित राहण्याचीही त्यांना मुभा नव्हती. मात्र केवळ स्त्री असणे एवढीच मेरी यांची अडचण नव्हती. त्या काळी भूविज्ञान हा मुख्यतः सुखवस्तू गृहस्थांचा व विद्यापीठांतील धर्मोपदेशकांचा विषय होता. उपजीविकेसाठी जीवाश्म विकणाऱ्यास ते ज्ञानाचा सहभागी न मानता माल पुरविणारा समजत. विकलेला नमुना ग्राहकाच्या मालकीचा होई व तो पुढे संग्रहालयास दिला गेला की नोंदवहीत देणगीदाराचे नाव लागे. एलिझाबेथ फिलपॉट यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याही स्त्रीच होत्या. पण आर्थिक दृष्ट्या स्वतंत्र असल्याने त्यांचा व त्यांच्या बहिणींचा संग्रह एकत्र राहिला व त्यांच्याच नावाने ऑक्सफर्डच्या संग्रहालयात गेला. मेरी यांचे नमुने मात्र विखुरले व त्यांतील पुष्कळांचा त्यांच्या नावाशी असलेला संबंध पुसला गेला.

या वागणुकीची मेरी यांना पूर्ण जाणीव होती. त्यांच्या मदतीने ग्रंथ व निबंध सिद्ध करणाऱ्या विद्वानांनी कीर्ती मिळविली, त्यांच्या वाट्याला मात्र काही आले नाही, हा त्यांचा विषाद त्यांची तरुण मैत्रीण ॲना मरिया पिनी यांनी नोंदवून ठेवला आहे. शास्त्रीय नियतकालिकात त्यांचे स्वतःचे लेखन एकदाच, १८३९ मध्ये, पत्ररूपाने प्रसिद्ध झाले. हायबोडस या जीवाश्म शार्कचा एक नमुना नव्या वंशाचा असल्याचे प्रतिपादन झाले होते. सरळ व वाकडे असे दोन्ही प्रकारचे दात असलेले नमुने आपणास पुष्कळ वर्षांपूर्वीच मिळाले होते, असे दाखवून त्यांनी ते खोडून काढले.

तथापि सर्वांनीच त्यांची उपेक्षा केली असे नाही. लाइम येथेच लहानपण गेलेले डी ला बीच यांनी १८३० मध्ये प्राचीन डॉर्सेटचे दृश्य दाखविणारे ड्यूरिया अँटिक्विअर हे चित्र रंगविले. त्यात इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर, टेरोसॉर, मासे व बेलेम्नाइट एकमेकांना खाताना किंवा पाठलाग करताना दाखविले आहेत. जलचरांच्या विष्ठाही त्यातून सुटलेल्या नाहीत. जीवाश्मांच्या आधारे काढलेले भूवैज्ञानिक भूतकाळाचे हे पहिले संपूर्ण दृश्य मानतात आणि त्यातील बराचसा तपशील मेरी यांच्या शोधांवर आधारलेला आहे. या चित्राच्या शिलामुद्रित प्रती विकून आलेले पैसे डी ला बीच यांनी मेरी यांना दिले. आगास्सी यांनी दोन जीवाश्म माशांना ॲनिंग यांचे नाव दिले. मेरी यांच्या हयातीत असा सन्मान करणारे ते एकमेव शास्त्रज्ञ होते.

अखेरचा काळ : जीवाश्मांचा व्यवसाय बेभरवशाचा होता. एखाद्या वर्षी मोठा सांगाडा मिळे, तर कित्येक महिने काहीच हाती लागत नसे. १८३५ मध्ये एका चुकीच्या गुंतवणुकीत मेरी यांची बहुतेक सर्व बचत बुडाली. तेव्हा बकलंड यांच्या खटपटीने ब्रिटिश असोसिएशन व सरकार यांच्याकडून त्यांना वार्षिक २५ पौंडांचे वेतन सुरू झाले. त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर जिऑलॉजिकल सोसायटीच्या सदस्यांनी त्यांच्यासाठी निधी जमविला. नव्याने स्थापन झालेल्या डॉर्सेट परगण्याच्या संग्रहालयाने त्यांना सन्माननीय सदस्य केले. वयाच्या ४७ व्या वर्षी लाइम रीजिस येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष डी ला बीच यांनी १८४८ मधील अध्यक्षीय भाषणात त्यांच्या कार्याचा गौरव केला. सदस्य नसलेल्या व्यक्तीसंबंधी, त्यातही एका स्त्रीसंबंधी, असे उद्गार त्या व्यासपीठावरून काढले जाणे ही अपूर्व गोष्ट होती.

मूल्यमापन : मेरी ॲनिंग यांनी कोणताही सिद्धांत मांडला नाही किंवा कोणत्याही जातीस नाव दिले नाही. परंतु ज्या पुराव्यावर नवे शास्त्र उभे राहिले, त्याचा मोलाचा भाग त्यांनी हस्तगत केला व तो अभ्यासता येईल अशा अखंड स्वरूपात पुढे ठेवला. मॅमथसारखे प्राणी विद्यमान प्राण्यांचे आप्त तरी होते. लायसमधील सरीसृपांना तसे जवळचे आप्तही आढळेनात. एवढे मोठे व विचित्र प्राणी समुद्रात अद्याप दडून असतील, असे म्हणणे उत्तरोत्तर कठीण होत गेले. सस्तन प्राण्यांचे वर्चस्व प्रस्थापित होण्यापूर्वी पृथ्वीवर सरीसृपांचे युग होऊन गेले, ही मँटेल यांनी १८३१ मध्ये मांडलेली कल्पना अशाच शोधांवर आधारलेली होती. चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जातींचा विलोप ही वादाची बाब राहिलेली नव्हती. या प्राण्यांचा प्रसारही किती विस्तृत होता, याची प्रचिती पुढे येत गेली. गुजरातमधील कच्छ येथे उत्तर जुरासिक काळातील खडकांत मिळालेल्या सु. ५·५ मी. लांबीच्या इक्थिओसॉराचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील जुरासिक कल्पातील इक्थिओसॉराचा हा पहिला ज्ञात नमुना होय.

मेरी यांच्या जीवनाभोवती दंतकथांचे बरेच जाळे विणले गेले आहे. बारा वर्षांच्या मुलीने एकटीने अजस्र प्राणी शोधला, ही लोकप्रिय कथा जोसेफ यांचा वाटा वगळते आणि त्याहूनही अधिक म्हणजे पुढील तीन दशकांच्या प्रौढ व्यासंगाकडे दुर्लक्ष करते. इंग्रजीतील शिंपले विकणाऱ्या मुलीविषयीचे प्रसिद्ध जिव्हाभ्यासाचे वाक्य त्यांना उद्देशून रचले गेले, या समजुतीलाही पुरावा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्रे, लिलावांच्या नोंदी व संग्रहालयांतील कागदपत्रे यांच्या शोधातून त्यांचे कार्य अधिक यथार्थ स्वरूपात पुढे आले.

स्मारके : जिऑलॉजिकल सोसायटीच्या सदस्यांनी १८५० मध्ये लाइम येथील सेंट मायकेल चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसविली. त्यांच्या जन्मघराच्या जागी लाइम रीजिस म्यूझीयम उभे आहे. डॉर्सेट व पूर्व डेव्हन यांच्या किनाऱ्याचा यूनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत २००१ मध्ये समावेश झाला. विज्ञानाच्या इतिहासावर सर्वाधिक प्रभाव पाडणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांच्या, रॉयल सोसायटीने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत त्यांचे नाव आहे. २०१५ मध्ये इक्थिओसॉरसाच्या एका नव्या जातीला इक्थिओसॉरस ॲनिंगी हे नाव देण्यात आले. २१ मे २०२२ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, लाइम रीजिस येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हातात हातोडी व टोपली घेऊन किनाऱ्याकडे निघालेल्या मेरी व त्यांचा कुत्रा ट्रे त्यात दाखविलेले आहेत.